डेटाबेसच्या ओळी की बिझनेस ऑब्जेक्ट? नव्याने ॲप्लिकेशन रचणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

डेटाबेसला क्वेरी पाठवली की उत्तरादाखल ओळी आणि रकाने हाती येतात. त्या ओळी तशाच स्क्रीनपर्यंत न्याव्यात, की त्यांच्यापासून ‘ऑर्डर’, ‘ग्राहक’ अशा नावांचे ऑब्जेक्ट घडवून मग पुढचे काम करावे, हा प्रश्न पहिल्या मोठ्या ॲप्लिकेशनच्या पहिल्याच आठवड्यात समोर येतो, आणि तो विचारायला गेलात तर दोन अनुभवी माणसे दोन विरुद्ध उत्तरे देतात. मी दोन्ही टोकांना जाऊन आलो आहे. पहिल्या ॲप्लिकेशनमध्ये मी सगळीकडे ओळीच वापरल्या, आणि ‘पाठवणी झालेली ऑर्डर रद्द करता येत नाही’ हा एकच नियम सात ठिकाणी लिहिला गेला; त्यांपैकी एका ठिकाणी तो चुकला होता, हे ध्यानात यायला चार महिने लागले. दुसऱ्या वेळी त्याचे प्रायश्चित्त म्हणून प्रत्येक टेबलासाठी एक क्लास लिहिला, आणि महिनाअखेरचा साधा अहवाल काढण्यासाठी हजारो ऑब्जेक्ट मेमरीत उभे करून त्यांची बेरीज करत बसलो. अहवाल यायला इतका वेळ लागे की वापरणाऱ्यांनी तो काढणेच सोडून दिले.

पुढची पद्धत या दोन चुकांतून तयार झाली आहे. ती निवड संपूर्ण ॲप्लिकेशनसाठी एकदाच करायला सांगत नाही. प्रत्येक कामासाठी ती वेगळी करायला सांगते. सोयीसाठी लेखभर एकच उदाहरण घेतो: ऑर्डर, ऑर्डरमधील वस्तू आणि ऑर्डरपोटी आलेले भरणे (ग्राहकाने दिलेले पैसे) अशी तीन टेबले असलेले ॲप्लिकेशन.

सुरुवातीला जवळ काय हवे

- टेबलांची रचना, त्यातील प्राथमिक किल्ल्या (ओळीची ओळख पटवणारा रकाना, प्रायमरी की) आणि परकीय किल्ल्यांसह (दुसऱ्या टेबलातील ओळीकडे बोट दाखवणारा रकाना, फॉरेन की).
- ॲप्लिकेशनमध्ये माणसे प्रत्यक्षात कोणती कामे करतात त्यांची यादी. ही यादी स्क्रीनच्या नावांची नसावी, क्रियापदांची असावी: ऑर्डर नोंदवणे, वस्तू जोडणे, रद्द करणे, थकबाकी पाहणे.
- नियम लिहून काढलेला एक कागद. नियम ठाऊक असलेल्या माणसाला विचारूनच तो तयार करावा. टेबले पाहून नियम ओळखता येत नाहीत.
- प्रत्येक क्वेरी आणि तिला लागलेला वेळ दाखवणारा लॉग.
- खऱ्या वापराइतक्या ओळी असलेला चाचणीचा डेटाबेस. दहा ओळींच्या डेटाबेसवर कोणतीही रचना वेगवानच वाटते.

१. दोन गोष्टींतला फरक आधी समजून घ्या

क्वेरीचा निकाल म्हणजे एका क्षणी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर असते. त्याचा आकार प्रश्न ठरवतो: आज ग्राहकाचे नाव आणि एकूण रक्कम मागितली तर दोन रकाने येतील, उद्या शहरानुसार संख्या मागितली तर त्याच टेबलांतून निराळाच आकार बाहेर पडेल. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल प्रारूप (माहिती टेबलांत मांडण्याची पद्धत) मांडले तेव्हापासून या पद्धतीचे बळ तेच राहिले आहे. साठवण एकदाच करायची आणि प्रश्न हवे तसे विचारायचे. मात्र ओळीला स्वतःचे वर्तन नसते. ‘स्थिती’ या रकान्यात ‘रद्द’ असे लिहायला तिची कधीच हरकत नसते.

बिझनेस ऑब्जेक्टचे उलट असते. त्याला ओळख असते, म्हणजे रक्कम बदलली, पत्ता बदलला तरी ऑर्डर तीच राहते. आणि त्याच्या स्थितीबरोबर ती स्थिती कशी बदलता येईल याचे नियमही त्याच्याचपाशी राहतात. ऑर्डरला ‘रद्द हो’ म्हटले की आपली पाठवणी झाली आहे का हे ती स्वतः पाहते आणि झाली असल्यास नकार देते.

इथेच नवख्यांचा पहिला घोटाळा होतो. टेबलात जितके रकाने तितकी फील्ड, आणि प्रत्येक फील्ड वाचण्या-लिहिण्याची एकेक मेथड, असा क्लास लिहून झाला की बिझनेस ऑब्जेक्ट तयार झाला असे वाटते. प्रत्यक्षात ती वेष पालटलेली ओळच असते. नियम अजूनही बाहेर, बटणामागच्या कोडमध्ये विखुरलेले राहतात, आणि शिवाय ओळीतून क्लासमध्ये माहिती भरण्याचे काम वाढते. असा क्लास लिहिण्यापेक्षा ओळ तशीच वापरलेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

२. कामांची यादी दोन भागांत वाटा

यादीतील प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारा. या कामाने साठवलेली माहिती बदलते का? बदलत असेल, तर तो बदल अडवू शकेल असा एखादा नियम आहे का? आणि हे काम एका वेळी किती ओळींना हात लावते?

काहीच बदलत नसेल, तर क्वेरीचा निकाल पुरेसा आहे. बदल होतो आणि नियमही आहे, तर ऑब्जेक्ट हवा. बदल होतो पण नियम नाही, उदाहरणार्थ ग्राहकाने आपला फोन क्रमांक सुधारला, तर सरळ एक अपडेट विधान लिहून मोकळे व्हावे. पुढे नियम आला की तेव्हा ते काम दुसऱ्या बाजूला हलवता येते. हजारो ओळी एकदम बदलणारी कामे तिसऱ्या प्रकारची असतात, त्यांच्याकडे सहाव्या पायरीत येऊ.

वाचणे आणि बदलणे वेगळे ठेवण्याचा हा विचार जुना आहे. संगणकशास्त्रज्ञ बर्ट्रांड मेयर यांनी तो एकेका मेथडच्या पातळीवर मांडला होता. पुढे तोच संपूर्ण ॲप्लिकेशनच्या रचनेला लावला गेला आणि सीक्यूआरएस (कमांड क्वेरी रिस्पॉन्सिबिलिटी सेग्रिगेशन) या नावाने ओळखला जाऊ लागला. हे नाव ऐकून दोन स्वतंत्र डेटाबेस, संदेशांच्या रांगा असा थाट उभारण्याची घाई करू नका. एकाच डेटाबेसवर, एकाच प्रोग्राममध्ये, वाचणारा कोड आणि बदलणारा कोड निरनिराळ्या फोल्डरमध्ये ठेवला तरी बहुतांश फायदा पदरात पडतो.

३. दाखवण्याच्या कामांसाठी ओळी वापरा, पण शिस्तीने

यादी, शोध, अहवाल, डॅशबोर्ड ही सगळी कामे इथे येतात. ज्या स्क्रीनला जे हवे तेवढेच मागणारी क्वेरी लिहावी, आणि निकाल त्या स्क्रीनपुरत्या एका छोट्या, न बदलणाऱ्या रचनेत भरावा. जावात १६ व्या आवृत्तीपासून रेकॉर्ड आहेत, सी शार्पमध्ये ते ९ व्या आवृत्तीपासून आहेत, पायथनमध्ये ३.७ पासून डेटाक्लास आहेत. त्यामुळे हे काम चार-पाच ओळींत होते. कच्चा निकाल स्क्रीनपर्यंत नेण्यात दोन धोके असतात. जावात डेटाबेसशी बोलण्यासाठी असलेल्या जेडीबीसीमधील रिझल्टसेट किंवा डॉटनेटमधील डेटारीडर हे उघड्या कनेक्शनवर अवलंबून असतात, ते बंद झाले की पुढे वाचता येत नाही, आणि ते बंद करायचे विसरले तर कनेक्शनचा साठा संपून ॲप्लिकेशन खोळंबते. दुसरे असे की रकान्यांची नावे स्ट्रिंग म्हणून स्क्रीनच्या कोडमध्ये पसरतात, आणि रकान्याचे नाव बदलले की चूक कंपाइल होताना सापडत नाही, वापरणाऱ्यासमोर उघडी पडते.

‘सिलेक्ट स्टार’, म्हणजे टेबलातील सगळे रकाने मागणारी क्वेरी, टाळा. दोन टेबलांच्या जोडणीत दोन्हीकडे ‘आयडी’ नावाचा रकाना असेल आणि लायब्ररी निकाल डिक्शनरीच्या रूपात देत असेल, तर सहसा नंतरचा आयडी आधीच्यावर बसतो आणि ऑर्डरच्या जागी ग्राहकाचा क्रमांक हाती येतो. प्रत्येक रकान्याला स्वतःचे नाव द्या.

रिकाम्या किमतीची, म्हणजे नलची, काळजी घ्या. जेडीबीसीमध्ये गेटइंट ही मेथड रकान्यात नल असला तरी शून्य परत करते. खरोखर शून्य होते की काहीच नव्हते हे कळण्यासाठी लगेच वॉजनल विचारावे लागते. ‘सवलत शून्य’ आणि ‘सवलत अजून ठरलेली नाही’ या दोन गोष्टींचा अर्थ व्यवहारात किती वेगळा असतो ते सांगायला नको.

आता असा सापळा, ज्यात मी स्वतः दोनदा अडकलो. एका ऑर्डरमध्ये ३ वस्तू आहेत आणि तिच्यापोटी २ भरणे आले आहेत. वस्तू आणि भरणे ही दोन्ही टेबले ऑर्डरला एकाच क्वेरीत जोडली की ५ नव्हे, ६ ओळी येतात, कारण प्रत्येक वस्तू प्रत्येक भरण्यासमोर उभी राहते. या ओळींवर बेरीज केली तर वस्तूंची रक्कम दुप्पट आणि भरण्यांची तिप्पट दिसते. घाईत यावर ‘डिस्टिंक्ट’ (सारख्या किमती एकदाच मोजा) लावून बेरीज करण्याचा उपाय सुचतो आणि तो चाचणीत चालतोही. पण ज्या दिवशी ग्राहक सारख्याच रकमेचे दोन हप्ते भरतो त्या दिवशी त्यातला एक हप्ता गायब होतो. योग्य मार्ग असा की वस्तूंची बेरीज ऑर्डरनिहाय आधी स्वतंत्र उपक्वेरीत करावी, भरण्यांचीही तशीच करावी, आणि मग त्या दोन बेरजा ऑर्डरला जोडाव्यात.

शेवटची गोष्ट पानांची. यादी एका वेळी २० ओळी दाखवत असेल, तर गाळणी डेटाबेसमध्येच लागली पाहिजे. आधी २० ओळी आणून मग प्रोग्राममध्ये ‘मुदत उलटलेल्या’ तेवढ्या निवडल्या, तर एका पानावर ७ ओळी दिसतील आणि दुसऱ्यावर एकही नसेल.

४. एकच नियम दोन्हीकडे लागत असेल तर काय करावे, हे ठरवा

खरी अडचण इथे आहे. ‘मुदत उलटली’ हे ऑर्डरलाही माहीत हवे, कारण मुदत उलटल्यावर नवी वस्तू जोडता येत नाही, आणि यादीच्या क्वेरीलाही माहीत हवे, कारण गाळणी तिथे लागते. म्हणजे एकच नियम दोन भाषांत लिहावा लागतो, आणि आपण तर पुनरुक्ती टाळायला निघालो होतो.

यावर माझ्या अनुभवात तीन उपाय टिकले. नियमाचे उत्तर ऑर्डर बदलते तेव्हाच बदलत असेल, उदाहरणार्थ ऑर्डरची एकूण रक्कम, तर ऑब्जेक्टने ते जतनाच्या वेळी काढावे आणि रकान्यात लिहून ठेवावे. मग क्वेरीला नियम माहीत असण्याची गरजच उरत नाही. उत्तर कोणी काही न करता केवळ वेळ गेल्याने बदलत असेल, तर ते असे साठवता येत नाही, कारण मध्यरात्री मुदत उलटते तेव्हा जतन करायला कोणीच नसते. अशा वेळी उत्तराऐवजी त्याला कारण होणारी तारीख साठवावी. मुदतीची तारीख काढण्याचे किचकट नियम, म्हणजे सुट्टीचे दिवस, ग्राहकाचा प्रकार, दिलेली सूट, ऑब्जेक्टमध्ये राहतात आणि क्वेरीत उरते ती केवळ आजच्या तारखेशी तुलना. आणि हे दोन्ही जमत नसेल, तर पुनरुक्ती स्वीकारावी, पण दोन्ही बाजूंना तीच माहिती देऊन उत्तरे जुळतात का हे तपासणारी चाचणी लिहावी. लपलेली पुनरुक्ती घातक असते. चाचणीच्या पहाऱ्यातली सहसा त्रास देत नाही.

५. नियम असलेल्या कामांसाठी ऑब्जेक्ट घडवा

टेबलापासून सुरुवात करू नका, नियमापासून करा. ‘ऑर्डरची एकूण रक्कम ग्राहकाच्या उधारीच्या मर्यादेपेक्षा जास्त नसावी’ हा नियम तपासायला ऑर्डर आणि तिच्या सर्व वस्तू एकत्र लागतात, म्हणून त्या एका ऑब्जेक्टच्या पोटात असाव्यात आणि नेहमी एकत्रच वाचल्या व जतन केल्या जाव्यात. ग्राहक मात्र बाहेर ठेवावा. ऑर्डरपाशी त्याचा क्रमांक असावा, आणि मर्यादेची रक्कम वस्तू जोडताना बाहेरून द्यावी. नाहीतर ऑर्डरमधून ग्राहक, ग्राहकातून त्याच्या सर्व ऑर्डरी असे करत एका ऑर्डरीसाठी अर्धा डेटाबेस मेमरीत ओढला जातो.

स्थिती थेट लिहू देणारी मेथड ठेवू नका. बाहेरच्या कोडला ‘वस्तू जोड’, ‘पाठवणी नोंदव’, ‘रद्द कर’ एवढीच दारे दिसावीत, आणि प्रत्येक दारात त्या कामाचा नियम उभा असावा. ऑब्जेक्टने आतून डेटाबेसशी बोलू नये; मग त्याची चाचणी डेटाबेसशिवाय, क्षणार्धात होते, आणि नियम खरोखर आत आले आहेत की नाहीत याची तीच उत्तम परीक्षा आहे.

रकमांसाठी फ्लोट वापरू नका. द्विमान अपूर्णांकांत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ होत नाही. डेटाबेसमध्ये डेसिमल आणि प्रोग्राममध्ये त्याच्याशी जुळणारा प्रकार, जसे जावात बिगडेसिमल, वापरावा. मध्येच कुठे तरी लायब्ररी त्याचे फ्लोट करत नाही ना, हे एकदा तपासून घ्यावे.

आणखी एक खाचखळगा. ‘पोहोचवण्याची तारीख आजच्या आधीची नसावी’ हा नियम मी मोठ्या काटेकोरपणे ऑर्डरच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडमध्ये, लिहिला. नवी ऑर्डर नोंदवताना तो उत्तम चालला. पण डेटाबेसमधून जुनी ऑर्डर वाचतानाही तोच कन्स्ट्रक्टर वापरला जात होता, आणि तारीख उलटताच त्या ऑर्डरी उघडेनाशा झाल्या. नवे घडवणे आणि साठवलेले पुन्हा उभे करणे ही दोन वेगळी कामे आहेत, त्यांना दोन वेगळ्या वाटा द्याव्यात. जन्माच्या वेळचे नियम पहिल्या वाटेवर असावेत. दुसऱ्या वाटेने आलेली माहिती पूर्वी एकदा मान्य झालेली आहे असे धरावे.

६. दोघांमधला पूल एकाच जागी बांधा

ओळींपासून ऑब्जेक्ट घडवणारा आणि ऑब्जेक्टपासून ओळी लिहिणारा कोड एकाच क्लासमध्ये असावा. त्याला सहसा रिपॉझिटरी म्हणतात. तो हाताने लिहा किंवा हायबरनेट, एंटिटी फ्रेमवर्क, एसक्यूएलअल्केमी यांसारख्या ओआरएमवर (ओळी आणि ऑब्जेक्ट यांची जुळणी आपोआप करणाऱ्या लायब्ररीवर) सोपवा. डॅपरसारखी हलकी लायब्ररी ओळी ऑब्जेक्टमध्ये भरून देते, बदलांचा माग ठेवणे मात्र तुमच्याकडे राहते. वाचणाऱ्या बाजूला मला हलकीच आवडते. ओआरएमच वापरायचे असेल, तर वाचताना बदलांचा माग बंद करावा. एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये त्यासाठी ॲजनोट्रॅकिंग आहे.

ओआरएम घेतले की पहिला त्रास लेझी लोडिंगचा, म्हणजे जोडलेली माहिती गरज पडेल तेव्हाच आणण्याचा, होतो. १०० ऑर्डरी एका क्वेरीने येतात, आणि मग लूपमध्ये प्रत्येकीच्या वस्तूंना हात लावताच दर वेळी आणखी एक क्वेरी जाते: एकूण १०१. कोड वाचून हे दिसत नाही, क्वेरींच्या लॉगमध्ये दिसते, म्हणून तो लॉग सुरुवातीच्या यादीत घातला आहे. हायबरनेटमध्ये याचीच दुसरी बाजू अशी की सेशन (डेटाबेसशी चाललेले काम) बंद झाल्यावर वस्तूंना हात लावला तर लेझीइनिशियलायझेशन नावाची एक्सेप्शन येते. ऑब्जेक्ट स्क्रीनपर्यंत नेलाच नाही, तर या दोन्ही तक्रारी बऱ्याच अंशी उद्भवतच नाहीत.

जतन करताना एकमेकांचे बदल पुसले जाऊ नयेत यासाठी टेबलात आवृत्तीचा रकाना ठेवा. ऑर्डर वाचताना आवृत्ती ७ होती, तर अपडेट विधानात ‘आयडी हा आणि आवृत्ती ७ असेल तरच’ अशी अट घालून आवृत्ती ८ करावी, आणि किती ओळी बदलल्या ते पाहावे. उत्तर शून्य आले तर मधल्या काळात दुसऱ्या कोणी तरी ती ऑर्डर बदलली किंवा काढून टाकली आहे. वापरणाऱ्याला तसे सांगून पुन्हा वाचायला लावावे. बदललेल्या ओळींची संख्या न तपासणारा कोड मी इतक्यांदा पाहिला आहे की दुसऱ्याचे काम तपासताना आधी तेच शोधतो.

हजारो ओळींचा बदल, उदाहरणार्थ सर्व वस्तूंचे दर ५ टक्क्यांनी वाढवणे, एकेक ऑब्जेक्ट उभा करून करू नये. त्यासाठी एकच अपडेट विधान योग्य. मात्र ते ऑब्जेक्टमधले नियम ओलांडून जाते, मेमरीत आधीच असलेले ऑब्जेक्ट जुनेच राहतात, आणि आवृत्तीचा रकाना तुम्ही स्वतः त्या विधानात वाढवला नाही तर तो वाढत नाही. म्हणून असे विधान ट्रॅन्झॅक्शनच्या (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटाच्या) सुरुवातीला, कोणताही ऑब्जेक्ट वाचण्याआधी चालवावे, आणि कोणते नियम त्याने बाजूला ठेवले ते शेजारी टिपून ठेवावे.

७. जुना ॲप्लिकेशन हाती आला असेल तर

सगळे एकदम बदलायला जाऊ नका. सर्वांत जास्त तक्रारी ज्या एका नियमाबद्दल येतात तो निवडा, आणि त्याच्याशी संबंधित रकाना कोडमध्ये कुठे कुठे लिहिला जातो ते शोधा. वाचला जातो त्या जागा सध्या सोडून द्या. लिहिण्याच्या जागा सहसा मोजक्याच निघतात. त्या नियमापुरता एक ऑब्जेक्ट लिहा, लिहिण्याच्या जागा एकेक करून त्याच्याकडे वळवा, आणि यादी व अहवालांच्या क्वेरी जशा आहेत तशाच चालू द्या. शेवटची जागा वळली की त्या रकान्यावर लिहिण्याचा अधिकार केवळ नव्या कोडच्या डेटाबेस-खात्यालाच ठेवता येतो का ते पाहा. मला तसे करता आले तेव्हा दोन दिवसांत रात्री चालणारी एक विसरलेली स्क्रिप्ट अडून पडली, आणि नियम चुकणारी आठवी जागा सापडली.